लिटल रेडचा माग

किलिमांजारो सफारीचा तो पूल अजून माझ्या तळपायांना आठवतो. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या ॲनिमल किंगडममध्ये, नाईल मगरींच्या तळ्यापाशी तो होता. उघड्या बाजूंचा हिरवा ट्रक त्यावर चढला की आधी लाकूड करकरायचं, मग चाकांखालचा आधार एकदम खचायचा आणि गाडी एका अंगाला कलायची. घट्ट धरा, असं चालक ओरडायचा. बाकावरची माणसं एकमेकांवर रेलायची, पोरं किंचाळायची. मगरी मात्र खऱ्या होत्या आणि त्या ढिम्म पडून असायच्या. यंत्राने घडवलेली भीती आणि जिवंत जनावराचा निवांतपणा एकमेकांना इतके खेटून मी दुसरीकडे कुठेच पाहिले नाहीत.

या निवांतपणाच्या धास्तीने खुद्द वॉल्ट डिस्नेलाही सोडलं नव्हतं. 1955 साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झालं तेव्हा तिथल्या जंगल क्रूझसाठी त्याला खरे प्राणी हवे होते. पण खरे प्राणी दिवसा झोपतात, झाडाआड दडतात, ठरल्या वेळी दर्शन देत नाहीत. शेवटी यांत्रिक प्राणी बसवले. पाण्यातून डोकं काढणारा पाणघोडा प्रत्येक बोटीसाठी त्याच जागी डोकं काढू लागला. 22 एप्रिल 1998 रोजी, वसुंधरा दिनी, ॲनिमल किंगडम उघडलं आणि वॉल्टचं ते राहून गेलेलं स्वप्न पुरं झालं. या उद्यानाचा मुख्य आराखडाकार जो रोडी. जिवंत जनावरांत थरार तो काय असणार, या शंकेला उत्तर म्हणून त्याने कंपनीच्या बैठकीत वाघच आणून उभा केला होता. एवढा विश्वास असलेल्या माणसाच्या सफारीतही कलता पूल होता, वाफेचे फवारे होते आणि एक आखीव गोष्टही होती. याचं मला फार अप्रूप वाटतं.

गोष्ट अशी होती. आपण प्रवासी म्हणून साधी सफर करायला निघालोय. बिग रेड नावाची हत्तीण आणि तिचं पिल्लू लिटल रेड या रानात आहेत. जिराफ, गेंडे, सिंह बघत निम्मी वाट सरते आणि रेडिओवर वॉर्डन विल्सनचा आवाज येतो: रानात चोरटे शिकारी घुसलेत, पिल्लाचा पत्ता नाही. मग आपली गाडी वाट सोडून त्यांच्या मागावर निघते. जमिनीतून फुसफुसत वाफ उसळते, गाडी हाडं खिळखिळी करत धावते आणि शेवटी शिकाऱ्यांचा तळ लागतो. तंबू, हस्तिदंत आणि त्यांच्याच ट्रकमधून डोकावणारं हत्तीचं पिल्लू. ते यंत्राचं होतं, पण माझ्या लेकीला ते कोण सांगणार! ती तेव्हा पाच वर्षांची होती. पिल्लाने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, असं ती आजही ठामपणे सांगते.

विल्सनचा आवाज आधीच ध्वनिमुद्रित केलेला असे, चालकाचं बोलणं मात्र जागच्या जागी. विल्सनच्या दोन वाक्यांमधल्या मोकळ्या जागेत त्याने आपलं वाक्य बरोबर बसवायचं. तेही गचके खात, वळणावर स्टिअरिंग सांभाळत, आणि गेंडा आडवा आला तर थांबून त्याला वाट देत. एकदा आमची गाडी एक तरुण मुलगी चालवत होती. बोलताना ती माईकच्या बटणावर अंगठा दाबून धरायची आणि वाक्य संपताक्षणी उचलायची. अंगठा उचलल्याशिवाय पलीकडचा माणूस बोलूच शकणार नाही, इतकी तिची त्या खेळावर निष्ठा होती. विल्सनने पिल्लू हरवल्याचं सांगितलं तेव्हा तिने आरशातून मागे, आमच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची काळजी बघून गाडीतली कुजबुज थांबली. सगळ्या हायड्रॉलिकपेक्षा तो आरसा माझ्या जास्त लक्षात राहिलाय.

गोष्ट सुरुवातीला याहून कठोर होती. उद्यान सर्वांसाठी खुलं होण्याआधीच्या पाहणीच्या फेऱ्यांमध्ये बिग रेडचं कलेवरच वाटेत दाखवलेलं होतं. पाहुण्यांना, विशेषतः मुलाबाळांना घेऊन आलेल्यांना, ते सोसवलं नाही आणि ते काढून टाकलं. माझ्या मते योग्य केलं. पण ते दाखवावंसं वाटणाऱ्यांची तळमळही मला कळते. 1989 साली केनियाने नैरोबीत 12 टन हस्तिदंताची होळी केली आणि त्याच वर्षी आफ्रिकी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं ठरलं. राईडचं काम चालू होतं तेव्हा ही जखम ओली होती. त्या कथेतले शिकारी खलनायक हवा म्हणून हवेतून आणलेले नव्हते.

नंतर एकेक गोष्ट गळत गेली. आम्ही फ्लोरिडात राहणाऱ्या दिराकडे अधूनमधून जायचो, तेव्हा हे बदल तुकड्यातुकड्यांत दिसायचे. एका फेरीत पूल हललाच नाही. लेकीने माझा दंड आधीच घट्ट पकडून ठेवला होता, तो पूल ओलांडल्यावरही तिने बराच वेळ सोडला नाही. मग 2012 साली पाठलागाचा भागच गेला. शिकाऱ्यांचा तळ उठला आणि त्या टप्प्यावर झेब्रे आले. यंत्र जाऊन जिवंत प्राणी आला, याबद्दल तक्रार कोण करील? झेब्रे देखणे होते. तरी त्या दिवशी गाडीतून उतरताना मला चुकल्यासारखं झालं. पूर्वी आपण कुणासाठी तरी धावायचो, आता नुसते बघायचो.

चंद्रपूरचे मामा आले तेव्हा त्यांनाही आम्ही तिथे नेलं. ताडोबाच्या वेशीवर त्यांचा जन्म गेलेला. गाडी सुटली तसे सगळे मान वर करून जिराफ शोधू लागले आणि मामा वाकून रस्ता बघत बसले. चाकोऱ्या खोल, त्यांत रुतलेले खडे, काटक्या, कडेला तडकलेला चिखल. थोड्या वेळाने म्हणाले, "पोरी, हा रस्ता नाही, फरशी आहे. काल पाऊस झाला म्हणते ना तू? मग कडा कशी ढासळली नाही?" अगदी खरं होतं. तो रस्ता म्हणजे मातीचा रंग दिलेलं काँक्रीट आहे. ओलं असतानाच त्यावर टायर फिरवून, खडे-काटक्या दाबून त्याला रानवाटेचं रूप दिलंय. मोठा गोरखचिंचेचा वृक्षही मानवी हातांनी घडवलेला, वाळवीची वारुळंही तशीच. सिंह ज्या खडकावर ऐटीत बसतात त्याच्या आत गारवा आणि ऊब राखायची सोय आहे, म्हणून ते झाडाआड न जाता तिथेच बसतात. सिंह आणि हरणं एकाच माळावर आहेत असं वाटतं, मधला खंदक नजरेआड असतो. जे ओरडून सांगत होते ते देखावे थकले, मोडले, निघून गेले. जे मुकाट राहिले ते अजून रोज काम करताहेत. मामांनी ते ओळखलं, पण त्यांचा रस गेला नाही. उलट पुढची सगळी फेरी ते आणखी बारकाईने बघत होते. वारूळ खोटं असेल, पण त्याला टेकून उभं असलेलं काळविटासारखं जनावर खरं, आणि ते कान कुठे वळवतंय हे बघण्यात त्यांचं समाधान होतं. ताडोबात जिप्सीत बसून दिवसभर वाट बघायची आणि वाघ न दिसता परतायचं, ही सवय असलेल्या माणसाला अशी निश्चित भेट अळणी वाटेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "जनावराला कुठे माहीत आहे, त्याला कुणी नेमलंय म्हणून?"

2016 साली रात्रीची सफारी सुरू झाली, तेव्हा मावळतीचा तांबूस उजेड दिव्यांनी लांबवून ठेवला होता. मला तो आवडला. पण माझा जीव अजून पाठलागात अडकलेला आहे. मुलांना प्राणी आवडायला शिकवावं लागत नाही. प्राणी जातात कसे, नेतं कोण, हे मात्र कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगायला त्या सफारीत गचके, वाफ आणि एक घाबरलेलं पिल्लू होतं. आता चालक खऱ्या आफ्रिकेतल्या संकटाची माहिती देतो, नेमकी आणि मनापासून. माहिती ऐकून कुणाची मूठ आवळलेली मात्र मी अजून पाहिली नाही.

गेल्या खेपेला दिराचा नातू आमच्यासोबत होता. तळ जिथे होता तो टप्पा आला, तसं लेकीने त्याला जवळ ओढलं आणि लिटल रेडची हकीकत सांगायला सुरुवात केली. विल्सनचा आवाजही तिने काढला. पोरगं सिंह विसरून झाडीत बघू लागलं. "आत्या, चोर सापडले का?"

"सापडले. आपण वेळेवर पोचलो होतो."

"आणि पिल्लू?"

"त्याने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले," ती म्हणाली.