पिवळा अंगठा

आमच्याकडची ‘श्रीमान योगी’ची प्रत उघडली की आधी हळद दिसते, शिवाजी महाराज नंतर. पानाच्या उजव्या कोपऱ्यात, खालच्या अंगाला, अंगठ्याएवढा पिवळा डाग. पुढच्या पानावर तसाच, त्याच्या पुढच्यावरही. अंगठा माझाच, आठवीतला.

तेव्हा हळद कढईत शिजवायची आणि शेतातल्या खळ्यावर पंधरवडाभर वाळायला पसरायची. रात्री राखण लागे. मोठी माणसं दिवसभर राबून थकलेली असत, म्हणून ती पाळी आम्हा पोरांवर येई. घोंगडी, कंदील आणि पुस्तक एवढा जामानिमा. हळद खालीवर करायची, हात झटकायचे आणि पान उलटायचं. उन्हात हळदीचा डाग उडून जातो, मिटलेल्या पुस्तकात मात्र तसाच राहतो. म्हणून माझं ते वाचन अजून जागेवर आहे. अफजलखानाच्या प्रकरणात डाग दाट आहेत, आग्र्याच्या सुटकेत तर दोन-दोन. कारभाराची, सल्लामसलतीची पानं भराभर उलटली होती; तिथे ते पुसट आहेत.

पुस्तक वडिलांनी आणलेलं. वसमतच्या मोंढ्यात हळदीची पट्टी झाली, हातात पैसे आले, त्यातून. पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात माझं नाव आणि खाली ‘ता. वसमत, जि. परभणी’. 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा झाला. घर हललं नाही, पत्ता बदलला. त्या पानावर आम्ही अजून परभणीतच राहतो.

पन्नाशीला टेकल्यावर तेच पुस्तक घेऊन बसलो, तेव्हा घरात प्रश्न आला, ‘हे तर वाचलेलं आहे ना?’ मला आजी आठवली. श्रावणी सोमवारी ती तांबड्या फडक्यातून शिवलीलामृत काढायची आणि अकरावा अध्याय वाचायची. तो तिला तोंडपाठ होता. तरी बोट ओळीवरून सरकत राही. मी एकदा विचारलं, ‘आजे, पाठ हाये तर पोथी कामून उघडतीस?’ ती म्हणाली, ‘तोंडाला पाठ हाये रे, डोळ्याला कुठं?’

पोथीला कुणी विचारत नाही, एकदा वाचली ना म्हणून. नरसीला नामदेव, औंढ्याला नागनाथ. या दोन्हींच्या आसपासच्या आमच्या मुलखात सप्ताह बसतात, ज्ञानेश्वरीचं पारायण होतं, आणि पुढल्या वर्षी तेच गाव तोच ग्रंथ पहिल्या ओवीपासून पुन्हा सुरू करतं. ‘पुढे काय होणार’ हे माहीत असताना वाचायची सवय आपल्या हाडात आहे. कथा-कादंबरीच्या वेळीच ती कुठे जाते कोण जाणे.

तर पारायण म्हणूनच या खेपेला पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि हात थांबला. सुरुवातीच्या पानांवर एकही डाग नाही. काही पानं कडेला एकमेकांना चिकटलेली, चाकूच्या पात्याने सोडवावी लागली. ती प्रस्तावना होती. आठवीतल्या पोराने ती सरळ ओलांडून घोडदळाकडे धाव घेतली होती.

प्रस्तावना नरहर कुरुंदकरांची. मुळात कादंबरीकार रणजित देसायांना लिहिलेलं दीर्घ पत्रच. कुरुंदकर पुढे नांदेडचे झाले, पण जन्म 15 जुलै 1932 चा, कुरुंद्याचा. कुरुंदा आमच्याच वसमत तालुक्यात. त्या गावावरून मी शेकडो वेळा गेलो असेन. राखणीच्या त्या रात्री आपल्याच शिवारातला माणूस पुस्तकाच्या दारात बोलत बसला होता आणि मी त्याला रामराम न करता आत शिरलो होतो.

माझ्यासाठी गोष्ट 1680 ला, महाराजांच्या निधनाबरोबर संपली होती. डोळे पुसून मी पुस्तक मिटलं होतं. कुरुंदकरांची जिज्ञासा तिथे थांबत नाही. राजा गेला, पुढे औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला, तरी 1707 मध्ये तो मरेपर्यंत इथली माणसं लढत राहिली. कशासाठी? तलवारीच्या पराक्रमातून याचं उत्तर मिळत नाही. ते शोधायला रयतेकडे, शेतसाऱ्याकडे, कारभाराकडे वळावं लागतं. म्हणजे नेमकं माझ्या पुसट डागांच्या पानांकडे. मी ती पानं पुन्हा काढली. आता ती भराभर उलटेनात. सात-बारा, पीककर्ज आणि मोंढ्यातला भाव यांत आयुष्य गेल्यावर शेतसारा हा शब्द वाचताना कंटाळा येत नाही.

कुरुंदकर 10 फेब्रुवारी 1982 ला औरंगाबादेत, व्यासपीठावरच गेले. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. त्यांची प्रस्तावना मी त्यांच्यापेक्षा वयाने मोठा होऊन वाचली.

यंदाची हळदही वाळायला पडली आहे. आता कढईच्या जागी वाफेवरचा कुकर आला, खळ्यावर दिव्याचा खांब आला. काल संध्याकाळी हळद पालटून आलो, हात नीट धुतले नाहीत आणि पुस्तक उघडलं. प्रस्तावनेच्या तिसऱ्या पानावर, उजव्या कोपऱ्यात, पिवळा अंगठा उमटला आहे.