कंदिलाची शिस्त

ऐंशीच्या दशकात आम्ही या वसतिगृहात शिकत होतो. रात्री वीज गेली की अभ्यासाच्या खोलीत एकच कंदील येई. अधीक्षक गुरुजींचा नियम ठरलेला होता: दहावीची मुले कंदिलाजवळ, नववीची त्यांच्यामागे आणि आम्ही लहान मुले कडेच्या अंधारात पाठांतराला. कंदिलाची काच राखेने पुसण्याचे काम मात्र आमच्याकडे असे. या वाटणीचा आम्हांला राग येई. तिचा अर्थ उमगण्यास ऑगस्ट २०१९ उजाडावा लागला.

त्या महिन्यात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर मजल मारली. वीज उपकेंद्रांत पाणी शिरले आणि कोल्हापूरचे अनेक भाग अंधारात गेले. आमचे घर पूररेषेच्या वर होते व घरात इन्व्हर्टर होता, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पहिल्या रात्री पंखा चालू ठेवला, पुराच्या बातम्या पाहिल्या. पहाटे आईला दम्याचा झटका आला, तेव्हा बॅटरी संपलेली होती आणि वाफेचे यंत्र सुरू होईना. शेजारच्या मुलाने आईला पाठीवर घेतले व जनरेटर चालू असलेल्या दवाखान्यात नेले, म्हणून ती वाचली.

बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळताना देशाच्या वीजधोरणाचा पाया घातला, हे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. स्वतःच्या घरातील विजेचा हिशेब मात्र आम्ही कधी मांडला नव्हता.

तो नंतर मांडला. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. ॲसिडची बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरावी. इन्व्हर्टरमधील घट वजा जाता हाती साधारण ७५० उरतात. ९ वॅटचे दोन दिवे पाच तास, आईचे यंत्र दिवसात पाऊण तास आणि फोन, यांना मिळून सुमारे २१० लागतात. म्हणजे तीन दिवस निभावतात. काम नसताना इन्व्हर्टरही बंद ठेवावा लागतो, कारण तो नुसता चालू राहिला तरी वीज खातो. उलट ७५ वॅटचा एक पंखा दहा तासांत सारे संपवतो. आम्ही एका रात्रीच्या वाऱ्यासाठी आईचे तीन दिवसांचे श्वास खर्चले होते.

आता बॅटरी जिन्याखालून वरच्या मजल्यावर, हवा खेळती राहील अशा जागी नेली आहे. गच्चीवर सौरपॅनेल बसवलेल्यांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी: केवळ वीजवाहिनीला जोडलेली यंत्रणा पुरवठा खंडित होताच सुरक्षेसाठी आपोआप बंद पडते. बॅटरी व तिला साजेसा इन्व्हर्टर जोडलेला असेल, तरच अंधारात तिचा उपयोग.

वसतिगृहासाठी बॅटरी घेण्याचा विचार माजी विद्यार्थ्यांमध्ये सुरू आहे. आमची विनंती इतकीच, की वर्गणी काढण्यापूर्वी एका कागदावर यादी करावी. प्रथम रुग्णकक्ष, मग पिण्याच्या पाण्याचा पंप, मग दहावीची खोली. पंखे सर्वांत शेवटी. कंदिलाजवळ कोण बसणार हे आधी ठरावे. बॅटरी किती मोठी लागेल, हे त्या यादीवरूनच कळेल.