दगडांतील आरमार

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव त्वरितादेवीच्या देवस्थानामुळे भाविकांस परिचित आहे. समुद्र येथून फार दूर. मोठे पाणी म्हणजे उत्तरेकडून वाहणारी गोदावरी. अशा मुलखाचा आणि युद्धनौकांचा संबंध तो काय, असे कोणासही वाटेल. परंतु हा मुलूख ज्या देवगिरीच्या यादवांच्या सत्तेखाली होता, त्यांच्या सैन्यास एकदा समुद्रावरही लढावे लागले होते.

यादव राजा महादेव (1261–1271) याने उत्तर कोकणच्या शिलाहार सोमेश्वरावर स्वारी केली. सोमेश्वराने महादेवाच्या कोपाग्नीपेक्षा समुद्रात बुडणे पत्करले, असे महादेवाचा मंत्री हेमाद्री याच्या प्रशस्तीत वर्णन आहे. याच युद्धाची आठवण बोरिवलीच्या पश्चिमेस एकसर गावातील वीरगळांवर कोरली असावी, असे अनेक संशोधकांचे मत आहे.

1882 च्या ठाणे गॅझेटियरात आमराईतील तळ्याकाठी उभ्या असलेल्या अशा सहा शिळांचे वर्णन आहे. त्यांपैकी चार सुमारे दहा फूट उंच. आज त्या आमराईच्या जागी मुंबईची दाट वस्ती आहे. एका शिळेच्या तळच्या पट्टीत उंच नाळेची पाच जहाजे वल्ह्यांच्या रांगांनी पुढे सरकत आहेत आणि त्यांवर धनुर्धाऱ्यांची दाटी झाली आहे. वरच्या पट्टीत चार जहाजांनी एकास घेरले असून माणसे पाण्यात पडत आहेत. त्याहून वर मृत वीर शिवलोकी पोहोचला आहे. वीतभर दगडात संबंध समुद्र मावला आहे!

पाश्चात्य देशांत प्राचीन ग्रीक व रोमन गलबतांच्या बोटभर प्रतिकृती जमवून टेबलावर लढाया खेळण्याचा छंद पुष्कळांस आहे. तीन मजली वल्ह्यांच्या ग्रीक नौकेवर 170 वल्हेकरी असत. तशी पूर्णाकृती नौका 1987 साली ग्रीसमध्ये बांधून समुद्रात उतरविण्यात आली. हा खेळ आपणांसही अगदीच परका नाही. बंगालच्या रघुनंदनाच्या ग्रंथात फाशांनी खेळावयाच्या चौघांच्या चतुरंगाचे वर्णन आहे. त्यात नौका हे एक मोहरेच असून ती तिरकस दोन घरे जाते.

आपली मुले दिवाळीत मातीचा किल्ला रचतात, त्यावर मावळे मांडतात. परंतु पायथ्याशी परातभर पाणी ठेवून त्यात गलबत सोडलेले क्वचितच दिसते. एकसरच्या शिळा पाहून आलेल्या मुलाने शाडूची वल्हेकरी नौका घडविली, तर इतिहासाचा एक विसरलेला धडा त्याच्या बोटांत उतरेल. घरातील वडीलधाऱ्यांनी मात्र शिळेच्या वरच्या पट्ट्याही त्यास दाखवाव्या. खेळातील मोहरे पुन्हा डबीत जाते. त्या पाण्यात पडलेली माणसे घरी परतली नाहीत, आणि म्हणूनच कोणीतरी त्यांच्यासाठी दगड उभा केला.