दहा मतं

अब्राहम लिंकनची ती यादी तुम्ही नक्की पाहिली असेल. धंद्यात बुडाला, निवडणूक हरला, पुन्हा हरला, पुन्हा हरला... आणि शेवटी राष्ट्राध्यक्ष झाला! खाली मोठ्या अक्षरात 'प्रयत्न सोडू नका'. मॅथ्स थ्रीत एटीकेटी लागलेल्या प्रत्येकाला ही यादी कुणी ना कुणी ऐकवतंच.

मला मात्र या यादीचा राग येतो. कारण आमच्या घरात एक हरणारा माणूस आहे. माझे बाबा.

आमचं गाव तालुक्याचं. बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. २०११ साली ते नगरपरिषदेला अपक्ष उभे राहिले. निशाणी कपबशी. पडले. २०१६ ला पुन्हा. निशाणी शिट्टी. पडले. पुढची निवडणूक लांबत लांबत २०२५ च्या डिसेंबरात आली, तर बाबा परत उभे! तिन्ही वेळा डिपॉझिट गेलं. नातेवाइकांत बाबांचं नावच 'कपबशी' पडलंय. पत्रकं, रिक्षा, भोंगा, पोरांचा चहा-वडापाव, सगळ्याला पैसे लागतात. माझी फी आणि धाकट्याचे क्लासही त्याच गल्ल्यातून जातात. शेवटच्या वेळी आईने बाबांशी चार दिवस अबोला धरला होता. दिवाळीनंतर निकाल लागला, आणि बाबा म्हणाले, "बघू, पुढच्या वेळी." तेव्हा आई माझ्याकडे वळून म्हणाली, "तू इंजिनिअर होणार ना? मग तूच सांग त्यांना, आता बास."

मी काय सांगणार? मी कॉन्व्हेंटची. मला 'एकोणसाठ' म्हटलं की आधी बोटं मोजावी लागतात (म्हणून या लेखात सगळे आकडे आकड्यातच आहेत, समजून घ्या!). पण त्याच सेमिस्टरला ह्युमॅनिटीजच्या प्रेझेंटेशनसाठी मला विषय आला, अमेरिकेतल्या निवडणुका. काँग्रेस म्हणजे तिथे पक्ष नव्हे, संसद. प्रतिनिधिगृह आणि सेनेट मिळून काँग्रेस. प्रतिनिधिगृहाची निवडणूक दर दोन वर्षांनी होते, म्हणजे हरलेल्याला लगेच पुन्हा हरायची सोय. त्यात आहे तोच खासदार बहुतेक वेळा परत निवडून येतो. आणि आपल्यासारखंच, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकला, बाकीच्यांची पाटी कोरी.

तिथे मला बर्नी सँडर्स सापडला. आज तो सेनेटर म्हणून जगाला माहीत आहे. त्याची मतं कुणाला पटतील, कुणाला नाही, तो माझा विषय नाही. मला रस होता त्याच्या हरण्यात.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये वाढलेला हा माणूस १९६८ साली व्हरमाँट या छोट्या राज्यात राहायला गेला. छोटं म्हणजे किती? १९९० साली राज्याची लोकसंख्या ५ लाख ६२ हजार. आपलं कोल्हापूर शहर साधारण तेवढंच. त्यामुळे प्रतिनिधिगृहात व्हरमाँटची जागा एकच. अख्खं राज्य म्हणजे एक मतदारसंघ.

सँडर्स एका चिमुकल्या पक्षातर्फे १९७२ च्या जानेवारीत सेनेटला उभा राहिला. मतं साधारण २ टक्के. त्याच वर्षी गव्हर्नरपदाला उभा राहिला, १ टक्का. (हो, कमी झाली!) १९७४ ला पुन्हा सेनेट, ४ टक्के. १९७६ ला पुन्हा गव्हर्नर, ६ टक्के. आपल्या लोकसभेचा नियम आहे, एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर डिपॉझिट जप्त. तो नियम लावला तर चारही वेळा गेलं असतं. म्हटलं चला, बाबांना जोडीदार मिळाला.

इथपर्यंत ही गोष्ट लिंकनच्या यादीसारखीच आहे. पण पुढे सँडर्सने जे केलं ते यादीत बसत नाही. त्याने थांबवलं! १९७७ साली पक्ष सोडला आणि शाळांसाठी इतिहासाच्या फिल्मस्ट्रिप्स बनवून विकू लागला. मग त्याच्या एका प्राध्यापक मित्राने १९७६ चे आकडे शहरांप्रमाणे तपासून दाखवले. राज्यात ६ टक्के, पण बर्लिंग्टन शहरात त्याहून बरीच जास्त मतं, आणि कामगारांच्या वॉर्डांत तर आणखी जास्त. मित्राचं म्हणणं सरळ होतं. राज्य सोड, शहराला उभा राहा.

१९८१ साली तो बर्लिंग्टनच्या महापौरपदाला अपक्ष उभा राहिला. समोर १९७१ पासून महापौर असलेला माणूस. फेरमोजणीनंतर सँडर्स जिंकला. किती मतांनी? १० !! पाच जणांनी मत फिरवलं असतं तर बरोबरी झाली असती. प्रेझेंटेशनमध्ये मी ही स्लाइड लावली तेव्हा मागच्या बाकावरची मंडळीसुद्धा जागी झाली.

जिंकला तरी सुख नव्हतं. नगरमंडळात बहुतेक सगळे विरोधात, त्याने नेमलेल्या माणसांना ते मंजुरीच देईनात. तरी तो आणखी तीन वेळा महापौर म्हणून निवडून आला. मधे १९८६ ला गव्हर्नरपदाला उभा राहून १४ टक्क्यांवर पडला, म्हणजे आपल्या नियमाने पाचव्यांदा डिपॉझिट! १९८८ ला प्रतिनिधिगृहाच्या त्या एकुलत्या एक जागेसाठी उभा राहिला आणि पुन्हा हरला. पण हे हरणं वेगळं होतं. रिपब्लिकन पीटर स्मिथला ४१ टक्के, अपक्ष सँडर्सला जवळजवळ ३८, आणि डेमोक्रॅट उमेदवार १९ टक्क्यांवर, तिसरा.

मला वाटतं, सगळी गोम या 'दुसरा' येण्यात आहे. अपक्षाला लोक काय म्हणतात? "माणूस चांगला, पण येणार नाही. मत कशाला वाया घालवायचं?" बाबांना हे वाक्य प्रत्येक निवडणुकीत ऐकावं लागलंय, तेही त्यांनी फुकटात पंप दुरुस्त करून दिलेल्या माणसांकडून. १९८८ नंतर व्हरमाँटमध्ये सँडर्सबद्दल हे वाक्य म्हणता येईना. १९९० ला तोच पीटर स्मिथ समोर होता आणि सँडर्स ५६ टक्क्यांनी जिंकला. पहिल्या निवडणुकीपासून १८ वर्षं. प्रतिनिधिगृहात अपक्ष निवडून येणं तेव्हा दुर्मिळच होतं.

कुणी म्हणेल, नशीब. तेही आहेच. सँडर्सच्या अगदी विरुद्ध विचारांचा न्यूट गिंग्रिच बघा. जॉर्जियातल्या कॉलेजात इतिहास शिकवणारा. १९७४ ला हरला, ते वॉटरगेटचं वर्ष होतं, त्याच्या पक्षाविरुद्ध लाटच होती. १९७६ ला हरला, कारण राष्ट्राध्यक्षपदाला जॉर्जियाचेच जिमी कार्टर उभे होते. १९७८ ला तिथला जुना खासदार निवृत्त झाला आणि गिंग्रिच निवडून आला. पुढे १९९५ साली सभापती. वेळ बदलली, जागा मोकळी झाली. आणि वेळ आली तेव्हा तो तिथेच होता, लोकांना नावाने माहीत होता.

मग मी लिंकनचंही नीट वाचलं. १८३२ साली तो इलिनॉयच्या विधिमंडळाची निवडणूक हरला, हे यादीत असतं. पण तो राहायचा त्या न्यू सेलममध्ये त्याला ३०० पैकी २७७ मतं पडली होती, हे नसतं. दोन वर्षांनी तो जिंकला, आणि सलग चार वेळा जिंकला, हेही यादीत क्वचितच असतं. हरला तेव्हासुद्धा ओळखणाऱ्यांनी त्याला मत दिलंच होतं. बाकीच्यांना तो अजून माहीत नव्हता, एवढंच.

हे कळलं आणि मी बाबांकडून मतमोजणीचे कागद मागून घेतले. त्यांनी ते तिन्ही वेळचे जपून ठेवलेत, कॉइलच्या बिलांच्या फाईलमध्ये. प्रत्येक मतदान केंद्राचे आकडे एक्सेलमध्ये टाकले. चार केंद्रांवर बाबा शेवटून दुसरे. पण शाळेच्या केंद्रावर तिन्ही वेळा मतं वाढलेली, आणि २०२५ ला तर चक्क दुसरा नंबर! तिथल्या तीन गल्ल्यांची पाण्याची मोटर बाबाच सांभाळतात. रात्री-अपरात्री बंद पडली तरी जातात.

मी बाबांना 'बास' म्हटलं नाही. 'उभे राहा' असंही म्हटलं नाही. कागद दाखवून एवढंच विचारलं, "बाबा, निवडणुकीला पाच वर्षं आहेत. मधल्या काळात बाकीच्या चार ठिकाणी तुम्हाला कोण ओळखतं?" बाबा बराच वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, पलीकडच्या गल्लीतल्या बोअरचं स्टार्टर महिनाभर जळलंय. कुणी बघायलाच गेलं नाही."

आईने हे स्वयंपाकघरातून ऐकलं. म्हणाली, "जा मग. पण भोंग्याला एक पैसा मिळायचा नाही." आमच्या घरात याला एकमताने ठराव मंजूर असं म्हणतात.

पुढच्या वेळी बाबा निवडून येतील? आकडे पाहता कठीण आहे. सँडर्सला ती १० मतं मिळाली, सगळ्यांना मिळत नाहीत. पण बोअर तर चालू होईल.

आणि हो, एटीकेटीवाल्या मित्रांनो, तुम्हाला कुणी ती यादी ऐकवली तर ऐकून घ्या. पण फॉर्म भरायच्या आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा, आणि कुठल्या प्रश्नात मार्क मिळालेत ते पहिलं बघा. तिथून सुरुवात करा.