रोह्यालाही तेच, डुकरालाही तेच काडतूस!

रोह्याला, म्हणजे नीलगाईला, एक काडतूस आणि रानडुकराला दुसरं, असं काही लागतच नाही! हे उमगलं तेव्हापासून मी भेटेल त्याला पकडून सांगतोय. आणि ते काडतूस आपल्याच महाराष्ट्रातलं, खडकीच्या कारखान्यातलं: ३१५ बोर, सॉफ्ट नोज.

हौसेची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार बंद आहे, आणि ती बंदच राहावी. पण यवतमाळात ज्याने कापूस, तूर, हरभरा राखायला जागली केली आहे, त्याला एका रात्रीत वावराचं काय होतं ते ठाऊक आहे. म्हणून त्याच कायद्यात पिकांच्या नासाडीसाठी वनखात्याच्या परवानगीची वाट आहे. रोही आणि रानडुकरासाठी राज्याने २०१५ मध्ये ती सोपी केली. मारलेलं जनावर मात्र सरकारचं.

आता खरी अडचण बघा. डुक्कर क्विंटलभराचं, रोह्याचा नर दोन-अडीच क्विंटलचा, खांदा जाड, चामडी चिवट. बारा बोरच्या छर्‍यांनी असं जनावर लांबून जखमी होतं आणि झुडपात जाऊन तडफडत मरतं. ते स्वस्त नाही, ते पाप आहे! अमेरिकेतल्या शिकार्‍यांपुढेही हाच पेच असतो: हरीण लहान, एल्क तीन क्विंटलच्या वर, आणि खिसा एकच. त्यांच्यातले कितीतरी जण १९०६ सालच्या थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाची १८० ग्रेनची साधी गोळी दोघांनाही वापरतात.

आपलं ३१५ तर त्याहून जुनं! मूळ ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलचं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं. इंग्रजांनी लष्कराचं ३०३ सामान्य माणसाला बंद केलं, म्हणून हे आठ मिलिमीटरचं काडतूस हिंदुस्थानात रुजलं. गोळी २४४ ग्रेनच्या आसपास, म्हणजे जवळपास सोळा ग्रॅम! वेग बेताचा, पण वजन असं की रोह्याच्या खांद्यातूनही आत शिरते. टोकाचं शिसं उघडं असल्यामुळे गोळी आत गेल्यावर फुलते. लष्करी गोळीवर पूर्ण धातूचं कवच असतं. ती बहुधा न फुलताच आरपार जाते आणि पलीकडे कोण आहे ते बघत नाही.

आणि परवडण्याचं खरं गणित इथेच सुटतं. जुन्या विलायती रायफलींची काडतुसं महाग, मिळतील तेव्हा मिळतील. खडकीचा कारखाना १८६९ पासून उभा आहे, माल देशी आहे. एकच काडतूस ठरवलं की परवान्यावरच्या मर्यादेतून चार काडतुसं रेंजवर सरावाला उरतात, रायफल त्याच गोळीला लावून घेता येते, आणि हात बसतो. हात बसला की एक गोळी पुरते. एक गोळी पुरली की जनावराचे हाल नाहीत, खर्चही नाही!

फक्त मचाणावरून, खाली झुकवून मारावी, म्हणजे चुकलेली गोळी काळ्या मातीत रुतेल. शेजारच्या वावरातही कुणी जागलीला असतं. एवढं पाळणार्‍या परवानाधारकाला माझं एकच सांगणं: महागडं काडतूस शोधत बसू नका, खडकीचं घ्या आणि उरलेला पैसा सरावावर घाला!