पावसात उघडा ठेवता येईल असा कॅमेरा

सह्याद्रीत पाऊस नेहमी वरून खालीच पडतो, असे नाही. ऐन पावसाळ्यात नाणेघाटाच्या माथ्यावर उभे राहिलेल्यांना हे ठाऊक आहे. कोकणातून कड्याला येऊन थडकणारा वारा धबधब्याचे पाणी दरीत उतरूच देत नाही. ते उलट माथ्यावर भिरकावून देतो आणि छत्रीखालचा माणूस पायांकडून भिजत जातो. अशा ठिकाणी नेण्यासाठी मला व्हिडिओ कॅमेरा निवडायचा होता.

तो माझ्यासाठी नव्हता. ज्या ज्येष्ठ स्नेह्यांच्या मागोमाग मी अनेक वर्षे डोंगर चढलो, त्यांना आता गुडघ्यांमुळे घराचा जिनाही उतरवत नाही. "छायाचित्रे आणू नकोस, ती मुकी असतात. मला पाऊस ऐकव," एवढीच त्यांची मागणी. निवडीची कसोटी त्यातच ठरून गेली.

दुकानात मात्र कोणी आवाजाविषयी बोलत नाही. बोलणे होते ते 'फोर के'चे. आता साधा हिशेब पाहा. सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने चित्रण केले, तर तासाभरात ४५ गिगाबाइट भरतात. स्नेह्यांच्या घरचा दूरचित्रवाणी संच जुना आहे. त्याला साधे 'एचडी' चित्र पुरेसे.

आमच्या तरुणपणी हा प्रश्नच वेगळा होता. १९८५ साली सोनीने हँडीकॅम आणला आणि व्हिडिओ कॅमेरा हातात मावू लागला; पण आत फीत फिरत असे. धुक्यातून जाताना आतल्या गोल ढोलावर दव धरले की फीत चिकटण्याची भीती, म्हणून यंत्र स्वतःच सूचना देऊन बंद पडे. मग तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेला जाई आणि पाहण्याजोगे काही समोर आले तेव्हा नेमका पिशवीतच असे. धुक्याच्या पडद्यावर उमटणारे इंद्रवज्र काही मिनिटांचे पाहुणे असते. गाठ सोडेपर्यंत ते थांबत नाही.

आता फीत गेली. यंत्रावर 'आयपी' ही अक्षरे आणि त्यांपुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा आकडा ७ असेल, तर एक मीटर पाण्यात अर्धा तास निभाव लागतो. ८ असेल, तर खोली आणि वेळ उत्पादक ठरवतो, म्हणून ती वाचून घ्यावी. मात्र ही चाचणी नव्या यंत्रावर, स्वच्छ पाण्यात झालेली असते. झाकणाच्या रबरी कडेत वाळूचा एक कण किंवा एखादा केस अडकला, तरी पाण्याला वाट मिळते.

"मोबाईल आहे की!" असे पुष्कळ जण म्हणाले. ओल्या पडद्याला बोट कळत नाही, हे एक. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. घाटात कोणाचा पाय मुरगळला, तर मदत मागायला तोच मोबाईल लागतो. त्याची बॅटरी ढगांच्या चित्रणात संपवणे मला पटत नाही.

शेवटी मन लहान ॲक्शन कॅमेऱ्यावर स्थिरावले. २०१६ चा गोप्रो हीरो ५ वेगळ्या पेटीशिवाय दहा मीटर पाण्यात चालतो. उणिवा आहेतच. त्याची भिंग फार रुंद पाहते, त्यामुळे हरिश्चंद्रगडाचा कोकणकडादेखील ठेंगणा दिसतो आणि समोरचा सुळका काडीएवढा. ढगाळ उजेडात चित्रही थोडे करडे येते. परंतु तो पिशवीच्या खांद्यावरच्या पट्ट्याला अडकवता येतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. शेवाळलेल्या कातळावर हात मोकळे असणे ही सोय नव्हे, गरज आहे. एका हातात कॅमेरा धरून निसरड्या वाटेने चालणारी मुले पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो.

राहिला आवाज. ध्वनिग्राहकाच्या छिद्रांत पाणी साचले की आवाज उशीखालून आल्यासारखा दबतो; चित्रण सुरू करण्यापूर्वी यंत्र झटकून घ्यावे. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे, म्हणजे आपलेच अंग आडोसा होते. छत्री धरली, तर तिच्यावरचा ताशा बाकी सारे बुडवून टाकतो. अर्थात छत्रीवरचा पाऊसही पाऊसच. तोही मिनिटभर घेणार आहे.

बॅटरीचे झाकण डोंगरावर उघडायचे नाही. दमट हवा आत कोंडली की पुढे गारव्यात काचेला आतून धुके धरते आणि ते पुसता येत नाही. घरी आल्यावर यंत्र कोरडे पुसावे, तासभर पंख्याखाली ठेवावे, मगच उघडावे. कार्ड मात्र त्याच रात्री स्नेह्यांकडे पोहोचवायचे ठरवले आहे. त्यांचे वय ब्याऐंशी आहे.