अखेरच्या शुक्रवारची फेरी

थेम्सच्या दक्षिण तीरी, वॉटर्लू पुलाच्या छायेत, महिन्याच्या अखेरच्या शुक्रवारी सायंकाळी सायकलस्वार जमू लागतात. कोणी कचेरीतून परभारे आलेला असतो, कोणी लहानग्याला पुढे बसवून आलेली असते. निमंत्रणपत्रिका नाही, वर्गणी नाही आणि अध्यक्षही नाही. उत्सवमंडळे चालविणाऱ्यांस हे शेवटचे खरे वाटणे कठीणच! सातच्या सुमारास कोणीतरी निघतो आणि त्याच्यामागे सारे निघतात. मार्ग ठरलेला नसतो. चौक आला की दोघे-चौघे मोटारींपुढे आडवे उभे राहतात आणि सगळा समूह एकत्र पार होतो. या फेरीस ‘क्रिटिकल मास’ म्हणतात. ती १९९२ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली आणि एप्रिल १९९४ पासून लंडनमध्ये चालू आहे. एरवी रस्त्याच्या कडेने अंग चोरून जाणाऱ्या सायकलस्वाराने महिन्यातून एक संध्याकाळ तरी मध्यभागातून निर्भयपणे जावे, एवढेच तिचे मागणे.

मॉरिशसहून रुग्णपरिचर्येच्या नोकरीसाठी येऊन लंडनमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी आजोबांच्या नातीने या फेरीस जाण्याचे ठरविले, तेव्हा आजोबांनी पहिला प्रश्न विचारला, “परवाना कोणाच्या नावावर आहे?”

“कोणाच्याच नाही, आजोबा. लागतच नाही.”

आजोबांचे समाधान होईना, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. रस्त्याने चालण्यासही कागद लागतो, ही धास्ती त्यांच्या घरात वारशाने आली होती. मॉरिशसमध्ये १८६७ च्या कायद्याने, करार पुरा करून मोकळ्या झालेल्या मजुरासही स्वतःचे छायाचित्र लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ बाळगावा लागे. तो नसला की उसाच्या मळ्याबाहेर पाऊल टाकणारा कष्टाळू मनुष्य ‘भटक्या’ ठरून धरला जाई. १८७१ साली नऊ हजारांहून अधिक जुन्या मजुरांनी, आडॉल्फ द प्लेविट्झ यांच्या साहाय्याने, गव्हर्नराकडे अर्ज केला. तेव्हा कोठे पुढील वर्षी चौकशीसाठी राजकीय आयोग बेटावर उतरला.

नातीने मग आपली बाजू मांडली. इंग्लंडमधील १९८६ च्या कायद्याप्रमाणे मिरवणूक काढणाऱ्याने सहा दिवस आधी पोलिसांस संयोजकाचे नाव व मार्ग कळवावा लागतो. रूढीने निघणाऱ्या मिरवणुकीस मात्र सूट आहे. २००५ साली लंडनच्या पोलिसांनी सायकलस्वारांस पत्रके वाटून ही फेरी बेकायदा ठरेल असे बजावले. खटला झाला. खाली सायकलस्वार जिंकले, मधल्या न्यायासनापुढे हरले, आणि २६ नोव्हेंबर २००८ रोजी उमरावसभेने निकाल दिला. दर वेळी मार्ग निराळा, मग रूढी कसली, हा पोलिसांचा प्रश्न. वार तोच, स्थळ तेच, रीत तीच. म्हणून ही रूढीच, असे उत्तर मिळाले. रूढी म्हणजे आजे-पणजांनी घालून दिलेली वस्तू, असे मानणाऱ्यांस नवल वाटेल, परंतु येथे ती अवघ्या चौदा वर्षांत सिद्ध झाली!

“आणि २०१२?” आजोबांनी विचारले. त्या वर्षी २७ जुलैस ऑलिंपिकचा उद्घाटनसोहळा होता आणि नेमका तोच अखेरचा शुक्रवार. नदीच्या उत्तरेस जाऊ नये अशी अट पोलिसांनी घातली होती. अनेकांनी ती मोडली आणि १८२ जण अटकेत गेले. रूढीमुळे पूर्वसूचनेतून सूट मिळते, पोलिसांच्या अटींतून नव्हे. हे नातीसही नाकारता आले नाही.

वाद तेथेच राहिला. गुरुवारी रात्री आजोबांनी तिची सायकल ओसरीवजा बोळात घेतली, साखळीस तेल दिले, पुढचा-मागचा दिवा लावून पाहिला. शुक्रवारी ते वॉटर्लू पुलाच्या कठड्याशी उभे राहिले आणि सायकली मोजू लागले. नात घंटा वाजवीत गेली, ती त्यांना दिसलीच नाही. दोनशेनंतर त्यांचा आकडा चुकला.